गोळीनं काय होतंय?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. पण त्यातलं आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि आपण आता अशा वयात आलोय की तिघं भेटलो तरी बोलणं शुगर, बीपी आणि आईवडिलांच्या दुखण्यावरच येतं. म्हणून मी आज एका गोळीविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या हातून एक चूक झाली आणि ती या वर्गातल्याच एकानं पकडली, एवढाच माझा अधिकार.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आण्णांना ताप आला. वय ७३. तिसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा त्यांना कोल्हापूरला हलवलं. मी पुण्याहून पोचले, तर ते मला आत्याच्या नावानं हाक मारत होते. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसला. न्यूमोनियाची नेहमीची इंजेक्शनं सुरू झाली, पण दोन दिवस झाले तरी ताप हटेना. शिवाय जुलाब होते, रक्तातलं सोडियम घसरलं होतं. ताप, जुलाब, कमी सोडियम आणि बरळणं, हे सगळं एकत्र आलेलं पाहून डॉक्टरांना शंका आली. त्यांनी थुंकी टीबीसाठी तपासली आणि लघवी एका वेगळ्या तपासणीला पाठवली. उत्तर आलं: लिजिओनेला.

नाव कुणी ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. जुलै १९७६ मध्ये, आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथून गेल्यावर माणसं न्यूमोनियानं आजारी पडू लागली. २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. जंतू सापडायला सहा महिने लागले. त्या सैनिकांच्या संघटनेवरून, ‘अमेरिकन लिजन’वरून, त्याला नाव मिळालं. केसपेपर चाळल्यावर दिसलं, की ज्यांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लीन मिळालं होतं त्यांच्यात मृत्यू कमी होते. कारण पुढे कळलं. हा जंतू फुफ्फुसातल्या, जंतूंना गिळणाऱ्या पेशींच्याच आत जाऊन वाढतो. म्हणजे चोर चौकीतच मुक्कामाला. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्या पेशींच्या आत फारशी शिरत नाहीत, त्यामुळे आण्णांची पहिली इंजेक्शनं कितीही भारी असली तरी उपयोगाची नव्हती.

तो राहतो पाण्यात. २० ते ४५ अंशांचं साचलेलं कोमट पाणी त्याला मानवतं, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की आजार होतो. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. आई-आण्णा महिनाभर माझ्याकडे होते आणि इथल्या गच्चीवरची सोलरची टाकी तशीच भरलेली होती. पावसाळ्यात ते पाणी धड तापतही नाही. माझा संशय त्या टाकीवर आहे. आता ती आधी रिकामी करून धुतो, मगच वापरतो.

आण्णांना लिव्होफ्लॉक्सासिन सुरू झालं, ७५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, शिरेतून. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारून चहा मागितला. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “उद्यापासून हेच औषध गोळीतून. परवा घरी न्या.”

मी भांडले. खरंच भांडले. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शहाळं घेऊन भेटायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, “सलाईन लावलंय न्हवं?” बाटल्या मोजून आजार किती मोठा ते ठरतं. इंजिनिअर झाले तरी मी गडहिंग्लजचीच. “गोळीनं काय होतंय? पैशाची काळजी करू नका, सलाईनमधूनच द्या,” असं मी सुनावलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हे औषध तोंडातून दिलं तरी जवळजवळ सगळं रक्तात पोचतं. म्हणून डोसही तोच, ७५०. ते उलट्या करत असते, बीपी खाली असतं, तर मी गोळीवर विसंबलो नसतो. आता ते जेवतायत. हातातली सुई जितके दिवस राहील तितका दुसऱ्या जंतूंना रस्ता मोकळा.” प्रत्येक औषधाचं असं नसतं, हेही त्यांनी सांगितलं. याच आजारावरचं ॲझिथ्रोमायसिन गोळीतून घेतलं तर रक्तात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच उतरतं, पण फुफ्फुसात आणि पेशींत भरपूर साठतं, म्हणून तेही चालतं.

घरी आल्यावर मी माझं कौशल्य दाखवलं. आण्णांच्या सगळ्या औषधांचं एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं. सकाळी आठ वाजता: लिव्होफ्लॉक्सासिन, बीपीची गोळी, कॅल्शियम, पित्ताचं पातळ औषध. एकदाच काय ते, विसरायला नको! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग पुन्हा कोमट लागलं. मी पित्ताची दुसरी बाटली आणायला मेडिकलमध्ये गेले.

त्या दुकानाचा मालक इथंच बसलाय. दहावीला माझ्या मागच्या बाकावर होता आणि गणिताच्या तासाला माझ्या वहीत डोकवायचा. नाव घेत नाही, कोण लाजतंय ते बघा. त्यानं विचारलं, “आण्णांना आणि काय चालू आहे?” मी मोठ्या अभिमानानं मोबाइलवर तक्ता दाखवला. तो बघतच राहिला. म्हणाला, “अगं, ही गोळी आणि कॅल्शियम एकदम दिलीस तर पोटात दोघं गळ्यात गळा घालून बसतात. रक्तात जातंय कोण? पित्ताच्या औषधात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असतं, त्याचंही तसंच. लोहाच्या गोळीचंही. दोन तास आधी नाहीतर दोन तास नंतर.”

मी ज्या गोळीला कमी समजत होते, ती कमी नव्हती. मीच तिला वाटेत अडवत होते. डॉक्टरांना फोन केला, ओरडा खाल्ला. त्यांनी वेळा बदलल्या आणि दोन दिवस वाढवून दिले. टाच दुखली तर लगेच कळवा, असंही सांगितलं, कारण उतारवयात या औषधानं टाचेच्या मागची शीर दुखावू शकते. दोन दिवसांत अंग गार लागायला लागलं.

चिठ्ठीशिवाय ही गोळी मागायला आपल्या मित्राकडे जाऊ नका, तो देत नाही. कारण मला त्यानंच सांगितलं: टीबीच्या जंतूवरही ती थोडी चालते. म्हणजे टीबी असेल तर चार दिवस बरं वाटतं आणि खरा आजार दबून राहतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी थुंकी आधीच का तपासली, ते मला तेव्हा समजलं.

आण्णा आज मागच्या रांगेत बसलेत. भेटेल त्याला अजून सांगतात, “कोल्हापूरला चार दिवस सलाईन लावलं, म्हणून वाचलो.”