जुना ट्रॅक्टर आणि गवत कापणीचे यंत्र : निवड कशी करावी?

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. या पावसावर भात पिकते, त्याचप्रमाणे वरकस जमिनीवर, बांधांवर आणि आंब्याच्या बागांतून पुरुषभर उंचीचे गवतही माजते. वेळेवर कापले तर हे गवत गुरांची वैरण होते. न कापता उभे ठेवले तर दिवाळीनंतर वाळून कोळ होते आणि फाल्गुन-चैत्रात एका ठिणगीने त्याचा वणवा पेटतो. दहा-बारा वर्षे जोपासलेली हापूसची कलमे अशा वणव्यात तासाभरात होरपळून जातात. यास्तव गवत कापणी ही बागेच्या संरक्षणाची बाब आहे.

१९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे कोकणातील वरकस जमिनी मोठ्या प्रमाणावर बागांखाली आल्या. मात्र विळा-कोयता चालवणारे हात कारखान्यांकडे आणि मुंबईकडे वळले. अशा वेळी गोठ्याशेजारी उभा असलेला जुना ट्रॅक्टर शेतकऱ्यास आठवतो आणि त्यामागे जोडावयाच्या कापणी यंत्राचा शोध सुरू होतो. हा शोध बहुधा किमतीपासून सुरू होतो. वास्तविक त्याचा आरंभ ट्रॅक्टरपासून झाला पाहिजे.

ट्रॅक्टरची तपासणी

आपल्याकडील जुने ट्रॅक्टर भारतीय ट्रॅक्टर उद्योगाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील आहेत. आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरिदाबाद येथे १९५९ साली तयार झाला. मुंबईच्या कांदिवलीतून महिंद्रा समूहाचे इंटरनॅशनल बी-२७५, मद्रासहून टॅफेचे मॅसी फर्ग्युसन, पिंजोरहून एच.एम.टी. झेटर आणि १९७४ पासून पंजाबचे स्वराज असे ट्रॅक्टर देशभर पसरले. त्यांपैकी बहुतेकांची शक्ती २५ ते ३५ अश्वशक्तीच्या आसपास होती. आज इतक्या वर्षांच्या झिजेनंतर ती तेवढीच उरली आहे असे मानणे योग्य नव्हे.

तपासणीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे मागील पी.टी.ओ. दांडा. प्रचलित प्रमाणानुसार हा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो, त्यास सहा खाचा असतात आणि त्याचा व्यास सुमारे ३५ मिलिमीटर असतो. जुन्या यंत्रात हे सर्व जुळेलच असे नाही, म्हणून फेरे मोजून घ्यावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे हायड्रॉलिक लिफ्ट. हॅरी फर्ग्युसन यांनी प्रचारात आणलेल्या तीन बिंदू जोडणीमुळे अवजार ट्रॅक्टरच्या पाठीवर उचलले जाऊ लागले. बाजारातील बहुतेक यंत्रे याच जोडणीची असतात. लिफ्ट भार धरून ठेवत नसेल, तर स्वतःच्या चाकांवर चालणारे व मागून ओढावयाचे यंत्र अधिक सोयीचे ठरते. जोडणीच्या पिनाही पाहाव्यात. लहान वर्गाच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, तर मोठ्या वर्गाच्या २८ मिलिमीटरच्या असतात.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे क्लच. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत एकच क्लच चाके आणि पी.टी.ओ. या दोहोंना सांभाळतो. गवत दाट लागले म्हणून चालकाने क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर पातेही इंजिनापासून सुटते, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी कापणीची शक्ती जाते. याहून गंभीर बाब अशी की, वेगाने फिरणारे जड पाते क्लच दाबल्यानंतरही पी.टी.ओ.मधून गिअरपेटीस फिरवीत राहते आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. बांधाच्या किंवा विहिरीच्या काठाशी याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. यावर उपाय म्हणून पी.टी.ओ. दांड्यावर एकाच दिशेने जोर देणारी ओव्हररनिंग क्लचची जोड बसवितात. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च अल्प आहे.

यंत्राचे प्रकार

गुरांसाठी लांब, स्वच्छ वैरण हवी असल्यास कात्रीप्रमाणे मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांचे यंत्र उत्तम. ते गवत बुंध्याशी कापून आडवे पाडते आणि पेंढ्या बांधता येतात. त्यास शक्ती फार थोडी लागते, म्हणून अशक्त ट्रॅक्टरलाही ते झेपते. मात्र दगड लागताच त्याचे दाते मोडतात, त्यामुळे जांभ्याच्या कातळावर ते चालविणे हितावह नाही.

आडवे पाते गरगर फिरविणाऱ्या यंत्रास आपल्याकडे स्लॅशर म्हणतात. रान, झुडपे आणि माजलेले गवत यांसाठी ते दणकट असते, परंतु गवताचा चुरा होत असल्याने वैरण मिळत नाही. हा चुरा कलमांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून उपयोगी पडतो. या यंत्रास पात्याच्या दर फूट रुंदीमागे पी.टी.ओ.वर साधारण ५ अश्वशक्ती धरण्याचा संकेत आहे. ज्या जुन्या ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर २० अश्वशक्ती मिळते, त्यास ४ फूट रुंदीचे यंत्र पुरे. तिसरा प्रकार लहान लहान हातोड्यांच्या फ्लेल यंत्राचा. त्यातून दगड उडण्याचा धोका कमी असतो, पण वजन आणि किंमत अधिक पडते. पी.टी.ओ. निकामी असेल, तर स्वतःचे इंजिन असलेले ओढावयाचे यंत्र हा चौथा मार्ग राहतो. त्यात ट्रॅक्टरकडे केवळ ओढण्याचे काम उरते.

रुंद यंत्राचा मोह टाळावा. ५ फुटी यंत्र ताशी ४ किलोमीटर वेगाने चालले, तर वळणांचा व एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यांचा वेळ धरून तासाला सव्वा एकराच्या आसपास काम होते. आपल्या बागांच्या आकारमानास एवढे पुरेसे आहे.

जमीन आणि बाग

दहा मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याच्या दोन ओळींमध्ये ट्रॅक्टर सहज फिरतो. बुंध्याजवळील भाग हातानेच साफ करावा, कारण पात्याने सालीस इजा झाल्यास झाड कायमचे दुबळे होते. साडेसात मीटर अंतरावरील नारळातही ट्रॅक्टर नेता येतो. परंतु श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग भागांतील सुपारीच्या वाड्यांत झाडांचे अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास असते, शिवाय पाटाचे पाणी खेळत असते. तेथे ट्रॅक्टरच्या यंत्रावर पैसा घालणे व्यर्थ होय. खाजण जमिनीत ओल असताना ट्रॅक्टर उतरविल्यास तो रुततो आणि जमीनही घट्ट होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि असंख्य माड-पोफळी उन्मळून पडल्या. अशा वाड्यांत गवताखाली खोडांचे बुंधे, तारा व पत्र्यांचे तुकडे राहून गेलेले असू शकतात. म्हणून कापणीपूर्वी संपूर्ण क्षेत्र पायी फिरून पाहावे, काठीने गवत चाचपावे आणि अडथळ्यांवर उंच खुणा रोवाव्यात. पायांत बूट असावेत, कारण फुरसे अशाच गवतात असते.

जीविताची सुरक्षितता

स्लॅशरच्या पात्यातून सुटलेला दगड तीनशे फुटांपर्यंत जाऊ शकतो. शाळेच्या कुंपणालगत किंवा रहदारीच्या वाटेवर काम असेल, तर ते सुटीच्या दिवशी, मुले व गुरे दूर ठेवूनच करावे. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना समजावून सांगितली, तर मोठे कार्य होईल. यंत्रास साखळ्यांचा पडदा, पी.टी.ओ. दांड्यास आवरण आणि जादा भार येताच तुटणारा शिअर बोल्ट असलाच पाहिजे. तुटलेल्या बोल्टच्या जागी अधिक टणक बोल्ट बसविण्याची काटकसर शेवटी गिअरपेटीवर शेकते.

ओढावयाचे यंत्र नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. ते वरच्या बिंदूस जोडल्यास पुढील चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो, आणि जुन्या ट्रॅक्टरवर चालकास वाचविणारी चौकट नसते. पात्यात गवत अडकल्यास इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावरच हात घालावा. उपरणे, लुगड्याचा पदर वा सैल कपडे फिरत्या दांड्याजवळ नकोत. मडगार्डवर दुसऱ्या माणसास बसविण्याची सवय तर सर्वस्वी सोडून द्यावी.

पंचायतीचे कार्य

एकट्या शेतकऱ्याचे यंत्र वर्षातून काही दिवसच चालते. तेव्हा चार-पाच शेतकऱ्यांनी अथवा शेतकरी गटाने मिळून ते घेणे श्रेयस्कर. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत वैयक्तिक अवजारांप्रमाणे अवजारे बँकेसही साहाय्य मिळते. त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. ट्रॅक्टरचलित अवजारासाठी ट्रॅक्टरचे नोंदणी पुस्तक लागत असल्याने जुन्या ट्रॅक्टरची कागदपत्रे प्रथम पुरी करून घ्यावीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, याचा अनेकांना विसर पडतो. खरेदीपूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करावी, यंत्र आपल्याच ट्रॅक्टरला जोडून आपल्याच जमिनीवर चालवून पाहावे आणि पाती, पट्टे व बेअरिंग जवळच्या बाजारात मिळतात याची खात्री करून घ्यावी.

वैरणीसाठी गवत फुलोऱ्यावर असताना, तर वणव्यापासून रक्षणासाठी ते वाळण्यापूर्वी कापावे. पंचायतीने आश्विनातच बैठक घेऊन कोणत्या बागेभोवती आणि कोणत्या वाटेने पट्टे साफ करावयाचे याचा क्रम ठरविला, तर एकच जुना ट्रॅक्टर आणि एकच बेताचे यंत्र साऱ्या वाडीच्या कामी येऊ शकेल. यंत्र ट्रॅक्टरच्या शक्तीस, जमिनीच्या घडणीस आणि कामाच्या हेतूस साजेसे असावे, एवढे पथ्य पाळले तर जुन्या ट्रॅक्टरकडून अजून कैक वर्षे उत्तम सेवा घेता येईल.