दिसेल ते लिहायचं

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज कुणीतरी बोलतंच आहे. मी माझ्या छंदावर बोलते. "छंद कोणता?" "बिअर चाखून तिच्यावर अभिप्राय लिहिणं." फोनवर बराच वेळ शांतता होती. मग आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे. 'भाषणाबरोबर प्रात्यक्षिक आहे का' हा प्रश्न एकूण अकरा जणांनी विचारला. तर नाही, प्रात्यक्षिक नाही. म्हणजे आहे, पण ते बडीशेपेचं आहे. तुमच्या खुर्चीवर जी पुडी ठेवली आहे ती अजून उघडू नका.

गमतीच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या वर्गात अशी घरं होती जिथे दारूने फार नुकसान केलं. कोण डबा न आणता यायचं आणि का, हे आपल्याला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे इथे उभं राहून मी बिअरचं कौतुक करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की, मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. ते मला मान्य आहे. जे पीत नाहीत त्यांनी माझं भाषण ऐकून सुरू करावं असं काहीही यात नाही. मला सांगायचं आहे ते चाखण्याबद्दल, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका खोटेपणाबद्दल.

पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे बिअर तिथल्या तिथे छोट्या टाक्यांमध्ये बनते आणि ताजी मिळते. त्यानंतर पुण्यात अशा बऱ्याच जागा झाल्या. २०१७ मध्ये आम्ही नऊ जण जमलो. दोघे माझ्या ऑफिसातले, एक दंतवैद्य, एक बँकेतला, एक बेकरीवाली, असे. महिन्यातून एकदा भेटायचं, सहा नमुने, प्रत्येकी साठ मिलिलिटर. म्हणजे सगळं मिळून ३६० मिलिलिटर, एका छोट्या बाटलीहून किंचित जास्त. मध्ये साधा पाव आणि पाणी. गाडी कुणी आणायची नाही. आणि हो, महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. तो माझ्याकडे आहे. नवऱ्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "ड्रायव्हिंग लायसन्सपेक्षा हा जपून ठेवलायस."

चाखायचं म्हणजे काय, तर प्रत्येक नमुन्याला एक कागद भरायचा. जगभर वापरली जाणारी एक गुणपत्रिका आहे, ५० गुणांची. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण मताला १०. लक्षात घ्या, दिसण्याला फक्त ३. लग्नाच्या बाजारात ही पद्धत आधी आली असती तर आपल्यापैकी काहींचं भलं झालं असतं.

सुरुवातीला आमची पंचाईत झाली ती शब्दांची. पुस्तकांमधले शब्द अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या स्वयंपाकघरातले. एका दोषाला ते म्हणतात 'स्कंकसारखा वास'. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुलं. त्यांतल्या कडू द्रव्यावर ऊन पडलं की तो वास येतो, म्हणून तर बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात. पण स्कंक हा प्राणी आमच्यापैकी कुणी कधी हुंगलेला नाही. मग आम्ही आमचे शब्द करायला लागलो. त्या दोषाला आम्ही सरळ 'उन्हातली बाटली' म्हणतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळेच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार होतो, तिला आमच्या वहीत नाव आहे 'लवंग घातलेलं शिकरण'. मोड आणून भाजलेल्या बार्लीच्या वासाला कुणी 'मारी बिस्किट' म्हणतं, जास्त भाजली असेल तर 'खरपूस भाकरीचा पापुद्रा'. एका दोषात लोण्याचा वास येतो, एकात उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. बेकरीवालीचं नाक आमच्यात सगळ्यात तयार. ती एकदा म्हणाली, "हा वास माझ्या आजीच्या जिलबीच्या पिठाचा, दुसऱ्या दिवशीचा." आम्ही सगळ्यांनी पुन्हा हुंगलं, आणि खरंच तोच होता.

आता पुडी उघडा. एका हाताने नाक घट्ट दाबा, बडीशेप तोंडात टाका आणि चावा. काय लागतंय? थोडं गोड, थोडं खरखरीत. बस्स. आता नाक सोडा.

आली ना बडीशेप? आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग वास असतो. तो घशाच्या मागून नाकात चढतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी यांच्यापलीकडे फारसं कळत नाही. नाक गेलं की चव गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट गणिताच्या सरांसाठी. सर, मी 'टी-टेस्ट' इंजिनिअरिंगला शिकले, पण ती शोधणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता, हे मला फार उशिरा कळलं. १९०८ मध्ये त्याने तो निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. थोड्याशा नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येईल, हा त्याचा प्रश्न. आमचाही तोच.

दोन वर्षं झाल्यावर आम्हाला वाटायला लागलं की आपण तज्ज्ञ झालो. मग आमच्यातल्या बँकवाल्याने त्रिकोणी चाचणी घ्यायचं ठरवलं. तीन पेले, दोनांत एकच बिअर, एकात वेगळी. वेगळा कोणता ते ओळखायचं. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तिनातून एकदा बरोबर येणारच. म्हणजे नऊ जणांत तिघं नुसत्या नशिबाने पास. खरंच फरक कळतोय असं म्हणायला किमान सहा जण बरोबर यायला हवेत. आमचे आले चार. ज्या दोन बिअरवर आम्ही आदल्या महिन्यात तावातावाने भांडलो होतो, एकीला ३८ आणि दुसरीला २६ गुण दिले होते, त्याच या दोन. फरक एवढाच की तेव्हा आम्हाला ब्रुअरींची नावं माहीत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे सगळं चाखणं नाव झाकून होतं.

नाव झाकायचं तर कुणीतरी न पिणारा, ओतणारा लागतो. ते काम त्याच बँकवाल्याने घेतलं. का घेतलं ते त्याने काही महिन्यांनी सांगितलं, आणि त्याला विचारूनच मी ते इथे सांगते आहे. चाखणं झालं की उरलेल्या बाटल्या तो घरी न्यायचा आणि त्याच रात्री संपवायचा. मग न उरलेल्याही आणायला लागला. स्वतःच्या लक्षात आलं तसं त्याने डॉक्टर गाठले आणि प्यायचं थांबवलं. आम्ही म्हटलं, हा कार्यक्रमच बंद करू. तो म्हणाला, "तुम्ही बंद करू नका, मी फक्त ओतेन." काही महिने तो आलाच नाही. मग डॉक्टरांना विचारून परत आला. उरलेली बिअर आता मोरीत ओतली जाते, सगळ्यांसमोर. आठ-नऊ सुजाण माणसं दर महिन्याला एका माणसाच्या शेजारी बसत होती, वास हुंगत होती, आणि त्याचं काय चाललंय ते एकालाही कळलं नव्हतं. याची लाज आम्हाला अजून वाटते.

आता माझी गोष्ट. एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला. ताप चार दिवसांत गेला, वास गेला तो गेलाच. फोडणी जळली तरी कळायची नाही. ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते, तिथे वासाचं काय रडायचं, म्हणून मी कुणाला बोलले नाही. गणपतीनंतर आमचा गट पुन्हा जमला. मी गेले. सगळ्यांना वाटलं मी बरी आहे. आणि मी कागद भरला.

कसा भरला? रंग बघून, फेस बघून, जिभेला कडू किती लागतंय ते बघून, आणि बाकीच्यांच्या चेहऱ्याकडे बघून. अनुभव होता, शब्द होते. असा रंग असेल तर असा वास 'यायला हवा', तो लिहिला. कुणाला शंका आली नाही. उलट एक जण म्हणाली, "तू किती छान लिहितेस."

त्याच महिन्यात एका तरुण ब्रुअरने आम्हाला नमुना पाठवला होता. त्याच्या बिअरला उकडलेल्या कणसाचा वास येतो, असं आम्हीच त्याला कोविडच्या आधी कळवलं होतं. त्याने रस उघड्या भांड्यात जास्त वेळ उकळला, लवकर गार केला, आणि फक्त एकच प्रश्न विचारला, "वास गेला का?" आमच्यात मतं निम्मी-निम्मी पडली. माझं मत शेवटचं होतं. मी लिहिलं, "गेला. स्वच्छ आहे."

पुढच्या महिन्यात आमच्या ओतणाऱ्याने एक युक्ती केली. दोष ओळखण्याच्या सरावासाठी कॅप्सूल मिळतात, त्यांतली लोण्याच्या वासाची त्याने तिसऱ्या नमुन्यात टाकली. बाकीच्या सगळ्यांनी लिहिलं, लोणी. मी लिहिलं, "मारी बिस्किट, हलकी मोसंबी, दोष नाही", आणि ३४ गुण दिले. त्याने सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. सगळे गेल्यावर पेले विसळताना म्हणाला, "अगं, तुला वास येत नाहीये ना?" मी गप्प. तो म्हणाला, "लपवणारा माणूस कसा वागतो ते मला माहीत आहे. मी दीड वर्ष तेच करत होतो."

दुसऱ्या दिवशी मी त्या ब्रुअरला फोन करून खरं सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ताई, दोन गिऱ्हाईकांनी मला वास येतो म्हणून सांगितलं होतं. तुमचा कागद होता म्हणून मी त्यांनाच समजावलं." तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आणि त्या रात्री मला, बाई, तुमची आठवण झाली. तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला आठवत असेल-नसेल, दहावीला आपण अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग केला होता. आम्ही सगळ्यांनी मोठ्या ताया-दादांच्या प्रयोगवह्या बघून लिहिलं, २० सेंटिमीटर. तुम्ही काही बोलला नाहीत. आम्हाला एकेकाला खिडकीशी उभं केलंत, समोरच्या चिंचेच्या झाडाचं चित्र कागदावर पाडायला लावलंत आणि पट्टी हातात दिलीत. १५ सेंटिमीटर. त्या वर्षी शाळेने आरसे नवीन आणले होते. आरसे बदलले, आमच्या वह्यांतलं उत्तर बदललं नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "यायला हवं ते लिहू नका. दिसेल ते लिहा." आम्ही सगळ्यांनी वही पुन्हा लिहिली. मला वाटलं होतं तो धडा आरशाचा होता.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. हे चार वास रोज दोन वेळा, बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. मी बारा आठवड्यांवर थांबले नाही. आधी काहीच नाही. मग कॉफीला जळक्या रबराचा वास यायला लागला, डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे. एका सकाळी लवंग आली, अगदी पुसट. मी स्वयंपाकघरात बसून रडले. हिरव्या कोथिंबिरीचा वास अजूनही पूर्ण आलेला नाही.

त्या काळात मी गटात जायचं सोडलं नाही. माझ्या कागदावर वासाच्या रकान्यात मी 'कळत नाही' असं लिहायची. पहिल्यांदा लिहिताना हात जड झाला होता. गंमत म्हणजे, मी ते लिहायला लागल्यावर इतरांच्या कागदांवरही 'नक्की सांगता येत नाही' दिसायला लागलं. आमचे अभिप्राय आता आधीइतके छान वाचवत नाहीत. पण तो ब्रुअर अजून आम्हाला नमुने पाठवतो, आणि बिअर ओतायला अजूनही आमचा बँकवाला मित्रच असतो.

आज तीस वर्षांनी आपण भेटलो आहोत. सकाळपासून प्रत्येक जण एकमेकांना "मस्त चाललंय" असं सांगतो आहे, मीही सांगितलं. दुपारच्या जेवणाला अजून वेळ आहे. कुणाचं तसं नसेल तर त्याने निदान शेजारच्याला खरं सांगावं. आणि शेजारच्याने, आमच्यासारखं न करता, वेळेवर ऐकावं.

बाई, त्या प्रयोगवहीबद्दल मनापासून आभार.