डॉक्टरकीची वेळ

आमची भातकुली खारपाणपट्ट्यात. जमिनीतलं पाणी खारट, म्हणून भिस्त सारी पावसावर. पेरणी चुकली की वर्ष गेलं. हाच हिशेब आपण लेकरांच्या शिक्षणालाही लावतो. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला तर ठीक, पोरगी बीएस्सीला गेली की बाप म्हणतो, "आता डॉक्टरकीचं विसर, बाई."

पण ही वेळ ठरवली कोणी?

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्याच अमेरिकेत १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयानं आधी पदवी, मग प्रवेश, असा नियम केला. आज तिथं बहुतेक विद्यार्थी चार वर्षांचं कॉलेज संपवूनच मेडिकलला जातात. आपल्याकडेही एकेकाळी इंटर सायन्सनंतर मेडिकल असे. पुढे बारावी आली. वेळ माणसांनीच ठरवली आणि माणसांनीच बदलली.

आजचा आपला नियम पाहा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, ठरलेले गुण हवेत आणि 'नीट' द्यायला हवी. वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढून टाकली. ती वादात कोर्टात होती तेव्हाच, २०२० साली, ओडिशात बँकेतून निवृत्त झालेल्या ६४ वर्षांच्या गृहस्थांनी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला होता.

याचा अर्थ वाट सोपी आहे, असा नाही. पदवीमुळं 'नीट'मध्ये एकही गुण वाढत नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, म्हणजे बीएस्सी करून गेलेली मुलगी सव्वीस-सत्तावीसची होईल. तोवर घरात लग्नाचा विषय निघेल, पैशाचाही निघेल. पण कापूस विकून वर्षामागून वर्ष नुसती शिकवणी लावण्यापेक्षा, पदवी पूर्ण करता करता परीक्षा देणं शहाणपणाचं. नंबर लागला नाही तरी हातात काहीतरी राहतं.

तेव्हा बाप्पाहो, पोरीला "वेळ गेली" म्हणण्याआधी नियमाचा कागद वाचा. त्यावर तिचं वय आडवं येत नाही. निदान आपण तरी आडवं येऊ नये.