टेबलावरचा काळा पट्टा

लग्नसराई जवळ आली की घरोघरी कपाट, पलंग, टेबल यांची बोलणी सुरू होतात. सागवान महाग. त्यामुळे वस्तू घरात आली की आम्ही बायका आधी हात फिरवून बघतो, कुठे डाग तर नाही ना! आज त्या डागांबद्दलच बोलू या.

आमच्या गटातल्या एकीने टेबलावर काळपट पट्टा दिसला म्हणून सुतारदादांची शेवटची मजुरी अडवून ठेवली होती. आम्ही सगळ्याजणी टेबल बघायला गेलो. पट्ट्यावर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. टेबल उलटं केलं, तर तोच पट्टा कडेवरून खालपर्यंत उतरलेला! म्हणजे वरून काही सांडलेलं नव्हतं, रेघ लाकडाच्या पोटातलीच होती. सागात अशा रेघा असतातच. नवा कापलेला साग जरा रंगीबेरंगी दिसतो, उजेडात राहिला की सोनेरी तपकिरी होत जातो. मजुरी त्याच संध्याकाळी पोचती झाली.

झाड वाढतं तसं त्याच्या खोडात वलयं पडतात. करवत वलयांना आडवी गेली तर फळीवर सरळ रेघा उमटतात. खोडाच्या कडेने फळ्या पाडल्या तर डोंगरांसारख्या कमानी. म्हणून कपाटाची दोन दारं हुबेहूब जुळत नाहीत, आणि ती खोट नव्हे. गाठ म्हणजे फांदीची जागा. घट्ट बसलेली असेल तर खुशाल राहू द्या. पण पलंगाच्या पायात मोठी गाठ नको, तिथे लाकूड कमजोर असतं.

भांडायचंच तर पांढऱ्या लाकडासाठी भांडा. सालीलगतचं पांढुरकं लाकूड गडद पॉलिशखाली लपवतात. गाभ्याचा साग वाळवीला दाद देत नाही, या पांढऱ्याला मात्र कीड लागते. खणाचा तळ, कपाटाची मागची बाजू बघा. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर वस्तू घेऊच नका.

दुकानात ‘ओक’ म्हणून मिळतं, त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर छापील कागदाची नक्षी असते. तीच गाठ हातभर अंतरावर पुन्हा दिसते. वस्तू वाईट नसेलही, पण भरीव लाकडाचा भाव तिला कशाला द्यायचा?

आणि हो, फळ्या बघायला पॉलिशच्या आधीच जा. कोणती फळी दर्शनी लावायची, ते सुतारदादांना तेव्हाच सांगता येतं.