काचपेटीतले बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पाककृतींवर आणि भरतकामावर अधिकाराने बोलणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ती माझ्या एका चुकीवर. ती चूक अजून माझ्या ओसरीवर उभी आहे आणि तिच्यात मासे पोहत आहेत!

१९५१ साली मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. लग्नानंतर मी ते पाहिले आणि आपल्याही घरी माशांची काचपेटी असावी, अशी हौस मनात धरून बसले. ती पुरी झाली नातवाच्या हट्टाने. धुळ्यास एका दुकानात दोन पेट्या होत्या. एक आडवी, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुसरी उभी, लांबी-रुंदी एकेक फूट, उंची दोन फूट. उभी कशी दीपमाळेसारखी दिसत होती आणि जागाही थोडीच अडवणार. तीच घेतली, आणि वर पाच गोल्डफिश.

आता हिशेब पाहा. पाणी दोन्हींत सारखेच, सुमारे ५६ लिटर. पण मासा जगतो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर, आणि तो पाण्यात उतरतो मुख्यत्वे वरच्या पृष्ठभागातून. आडवीचा पृष्ठभाग दोन चौरस फूट, माझ्या दीपमाळेचा एकच. घर तेवढेच, खिडक्या मात्र निम्म्या! त्यात आपला खानदेशी उन्हाळा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. आणि गोल्डफिश तर थंड पाण्यातला, खाणाराही फार आणि घाण करणाराही फार.

एका रात्री वीज गेली. हवेचा पंप मी पेटीच्या खाली ठेवला होता. तो थांबताच नळीतून पाणी उलटे उतरू लागले. जाग आली तेव्हा ओसरीभर पाणी, आणि मासे वर येऊन आ वासत होते. पहाटेपर्यंत दोन गेले. नातू रडला नाही. एवढेच म्हणाला, "आजी, त्यांना दुसरीकडे जाता येत नव्हतं ना?"

भगिनींनो, पांझरेतला मासा उथळ पाणी तापले की डोहाकडे वळतो. पेटीतल्याने कुठे वळावे? त्याची नदी म्हणजे आपणच. हे मला त्या दिवशी कळले.

पेटी टाकवेना. मग सासरच्या माणसांच्या खोडी सांभाळाव्यात, तशा तिच्या सांभाळू लागले. उरलेले गोल्डफिश शेतात मोठा हौद असलेल्या एका ओळखीच्यांकडे दिले. पेटीत आणले थोडे गप्पी, डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते पाण्यात सोडते तेच. त्यांना आपले जड पाणी मानवते. पंप आता पाण्याच्या पातळीहून उंच फळीवर असतो, आणि जवळ बॅटरीवरचा एक. तळाला हात पोचत नाही. पोचवायला गेले तर खांद्यापर्यंत ब्लाउज भिजतो. म्हणून लांब नळीने गाळ ओढते, आणि काठीला स्पंज बांधून शेवाळ पुसते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते. नळाचे पाणी एक दिवस बादलीत उघडे ठेवते, म्हणजे त्यातले क्लोरीन उडते. गाळणीचा स्पंज नळाखाली धूत नाही, काढलेल्या पाण्यातच पिळते. कारण माशांची घाण पचवणारे उपकारक जंतू त्यातच राहतात. काढलेले पाणी तुळशीला.

तेव्हा कोणाला पेटी घ्यायची असेल, तर दुकानात तिची शोभा मागाहून पाहावी. आधी झाकण काढून हात घालावा. कोपर भिजण्याआधी बोटे तळाला टेकली, तर ती पेटी आपली. गोल भांडे तर मुळीच नको. काठोकाठ भरले की त्याचे तोंड अगदीच लहान राहते. ऊन येणारी खिडकीही टाळावी.

आणि शेवटचे. पेटी आणताना सारे घर पुढे असते; शेवाळ पुसताना एकटी बाईच उरते. म्हणून पैसे मोजण्याआधीच घरात वार वाटून घ्यावेत. आमच्याकडे रविवार नातवाचा आहे. तो अजून चुकलेला नाही.