आठ अक्षरांचा पत्ता
(विश्रामबाग येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

वालचंद कॉलेजातून शिकून पुढे जर्मनी-अमेरिकेला गेलेल्या मुलांचे आई-वडील आज इथे बसलेले दिसताहेत. त्यांच्यासाठीच हा विषय घेतला.

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. एका सोमवारी शटर वर जायच्या आधीच एक गृहस्थ दारात उभे. पत्नीचं ऑपरेशन मिरजेला ठरलेलं, पैसे मुलगा जर्मनीतून पाठवणार होता. शुक्रवारी रात्री त्यांनी फोनवर त्याला स्टेट बँकेचा स्विफ्ट कोड वाचून दाखवला, पण तिकडचा अर्ज तो घेईना. मध्ये शनिवार-रविवार गेले. मी त्यांच्या हातातली चिठ्ठी पाहिली. कोड अगदी बरोबर लिहिलेला होता: एस बी आय एन, आय एन, बी बी. ‘आय एन’ दोनदा आलंय म्हणजे आपणच चुकून दोनदा लिहिलं, असं वाटून त्यांनी वाचताना ते एकदाच सांगितलं होतं.

चूक एवढीच. पण ती का झाली, हे समजून घ्यायला हवं. पहिली चार अक्षरं बँकेची. पुढची दोन देशाची, म्हणजे भारताची. त्यापुढची दोन ठिकाणाची. इथलं बी बी म्हणजे बॉम्बे. शहराचं नाव 1995 साली मुंबई झालं, कोडात जुनं तसंच राहिलं. शाखेसाठी आणखी तीन अक्षरं लागतात. तिथे तीन एक्स असतील तर मुख्य कार्यालय समजायचं. आपल्या गावच्या शाखेला स्वतःचा असा कोड बहुधा नसतोच, बँकेच्या मोठ्या शाखेचा द्यावा लागतो.

आता आयएफएससी. तोही अकरा खुणांचा, स्टेट बँकेचा सुरू होतो तोही एस बी आय एन नेच. म्हणून घोळ होतो. पण पाचवी जागा बघा. तिथे शून्य असेल तर तो देशातल्या व्यवहाराचा आयएफएससी. पाचव्या-सहाव्या जागी आय एन असेल तर परदेशातून येणाऱ्या पैशाचा स्विफ्ट कोड.

स्विफ्ट ही संस्था 1973 साली ब्रसेल्समध्ये 15 देशांतल्या 239 बँकांनी मिळून उभी केली. ती पैसे वाहून नेत नाही, निरोप नेते. आपल्या पेठेतल्या जुन्या हुंडीसारखंच आहे हे. हुंडीचा कागद मुंबईला जायचा, रुपये जागेवरच राहायचे आणि दोन पेढ्या आपापल्या वहीत जमा-नावे करायच्या. आजही बँका एकमेकींकडे खाती ठेवतात. दोन बँकांचं थेट खातं नसेल तर मधे तिसरी येते आणि आपलं कमिशन कापून घेते. पाठवले तेवढे युरो हातात का पडत नाहीत, त्याचं हे एक कारण.

कोड कुठे जायचं ते सांगतो; निरोप खरा की खोटा, ते सांगत नाही. 13 ऑगस्ट 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या खात्यात 13.92 कोटी रुपये गेले, ते बनावट स्विफ्ट निरोपांवर. निरोप बनावट होते, पत्ता मात्र चालला.

नावाचंही तसंच. आपल्याकडे एनईएफटी-आरटीजीएसचे पैसे खातेक्रमांक पाहून जमा होत आले, नाव जुळवलं जात नव्हतं. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघू लागली.

त्या गृहस्थांच्या चिठ्ठीचा फोटो काढून मी तो मुलाला पाठवायला लावला. तो चिठ्ठीवरून बघून कोड भरणार होता. अर्ज आठही अक्षरांसकट स्वीकारला गेला.

माझं तुम्हाला सांगणं इतकंच: उद्या शाखेत जा, स्विफ्ट कोड आणि खातेक्रमांक अधिकाऱ्याकडून लिहून, शिक्का मारून घ्या आणि त्याचा फोटो मुलांना पाठवून ठेवा. फोनवर कोड वाचून दाखवू नका.