ऊर्जेची विद्या आपल्या मातीत रुजावी

(नांदेड येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'शाश्वत ऊर्जेचे उच्च शिक्षण' हा विषय मला देण्यात आला आहे. हा विषय निघाला की जर्मनीतील पवनचक्क्या किंवा राजस्थानच्या वाळवंटातील विस्तीर्ण सौरप्रकल्प आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. मी मात्र आज आपल्या मराठवाड्याविषयीच बोलणार आहे. या विद्येची निकड नांदेड-लातूरकडच्या समाजाला जेवढी आहे, तेवढी फार थोड्या प्रदेशांना असेल, असे माझे मत आहे. त्याची कारणे मी आपल्यापुढे ठेवतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण कोणीही विसरलेलो नाही. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. 'जलदूत' हे तिचे नाव देशभर पोहोचले. परंतु त्याच दुष्काळातील दुसरी एक घटना तेवढी चर्चिली गेली नाही. जुलै २०१५ मध्ये परळीचे औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी पूर्णपणे बंद ठेवावे लागले होते. त्याआधी २०१३ मध्येही हीच वेळ आली होती. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते. पाणी नव्हते, म्हणून वीज नव्हती.

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, त्या वाफेने जनित्र फिरते आणि ती वाफ पुन्हा थंड करण्यासाठी पाणी लागते. यातील बहुतेक पाणी शीतकरणाच्या मनोऱ्यांतून हवेत निघून जाते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने जुन्या केंद्रांसाठी पाण्याच्या वापराची मर्यादा ठरवून दिली. ती एका युनिटमागे साडेतीन लिटर आहे. आता हिशोब करा. अडीचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला, तर साठ लाख युनिट वीज तयार होते आणि त्यासाठी दोन कोटी दहा लाख लिटर पाणी लागू शकते. म्हणजे पन्नास वाघिणींच्या आठ जलदूत गाड्यांहून अधिक पाणी, आणि तेही रोज! ज्या प्रदेशात तहान भागवण्यासाठी रेल्वे आणावी लागली, त्या प्रदेशाने ऊर्जेचा विचार कसा करावा, हे या एका आकड्यात सामावलेले आहे.

हिशोबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विजेला जसे पाणी लागते, तशी पाण्याला वीज लागते. गोदावरीचे पाणी उपसून शेतापर्यंत नेणारी विष्णुपुरी योजना आपल्या शहराच्या वेशीवर आहे. विहिरी आणि कूपनलिका यांवर चालणारे असंख्य कृषिपंप आहेत. वीज रात्रीची मिळाली की शेतकऱ्याला रात्री-अपरात्री बॅटरी हातात घेऊन, विंचू-सापाचे भय पत्करून पाणी द्यायला जावे लागते. पाणी आणि वीज असे एकमेकांत गुंतलेले आहेत. हा गुंता समजून घेणे, हाच मराठवाड्यातील ऊर्जाअभ्यासाचा पहिला धडा होय.

सूर्य हे यावरचे उत्तर आहे, असे आपण सहज म्हणतो आणि ते बव्हंशी खरेही आहे. आपल्याकडे एक किलोवॅट क्षमतेच्या सौरपटलांतून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. तिला वाफ नको, शीतकरणाचे मनोरे नकोत. देशाची सौरक्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू आहे.

परंतु पटले बसवली म्हणजे विद्या आली, असे होत नाही. सौरपटलाची क्षमता कारखान्यात २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. सिलिकॉनचे पटल त्याहून जितके तापेल, तितकी दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात नांदेडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पटलाचे स्वतःचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ऊन सर्वाधिक असते, त्याच वेळी १२ ते १६ टक्के वीज हातची जाते. त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ बसते आणि ती धुवायला पुन्हा पाणी हवे! पाण्याविना पटले स्वच्छ कशी ठेवावीत? आपल्या उष्म्यात कोणत्या पदार्थाचे सौरघट अधिक टिकतील? हे प्रश्न युरोपातील प्रयोगशाळेला सुचणार नाहीत, कारण ते तिचे प्रश्नच नाहीत. शिवाय सौरघट आणि त्यासाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या यांसाठी आपला देश आजही मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहे. ऊन आपले, शेत आपले आणि घट मात्र परका, ही स्थिती केवळ घोषणांनी पालटणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसणारी माणसे घडवावी लागतील.

आपल्या मातीतला प्रश्न उचलला तर काय साध्य होते, याचे एक उदाहरण देतो. महर्षी कर्वे यांचे नातू आणि इरावतीबाईंचे सुपुत्र डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. उसाचे पाचट शेतातच जाळून टाकतात, हे ते पाहत होते. पुण्यातील त्यांच्या संस्थेने त्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. तिला २००२ मध्ये इंग्लंडचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. पुढे स्वयंपाकघरातील उरल्यासुरल्या खरकट्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये तोच सन्मान पुन्हा मिळाला. पाचट आणि खरकटे हेच त्यांच्या संशोधनाचे भांडवल होते.

मराठवाड्यात असे भांडवल काय थोडे आहे? कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचे भुसकट हे सर्व आपल्या बांधावर पडलेले असते. साखर कारखाने उसाच्या चोथ्यावर वीज निर्माण करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ऊस किती पाणी पितो, हे त्या विजेच्या हिशोबात धरायचे की नाही, हाही अभ्यासाचाच विषय आहे. आपल्या शेजारी परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथे सौरपटलांखाली पिके घेण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. पटलांच्या सावलीत कोणते पीक तग धरते, हे जाणणारा पदवीधर उद्या शेतकऱ्याला हवा असणार आहे.

आता आपल्या विद्यापीठाकडे वळू. १७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस. त्याच तिथीला, १९९४ साली, नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. संन्यासी होण्यापूर्वी आणि नंतरही स्वामीजी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईत त्यांनी विद्यार्थी घडवले. जी मुक्त करते तीच विद्या, असा या विद्यापीठाच्या बोधवाक्याचा आशय आहे. ऊर्जेच्या परावलंबनातून मुक्ती हा त्याचा आजचा अर्थ मानायला काय हरकत आहे?

विद्यार्थिमित्रांनो, ऊर्जा हा एका विभागाच्या चार भिंतींत मावणारा विषय नाही, हे लक्षात घ्या. सौरघटाचा अभ्यास भौतिकशास्त्रात होतो, विद्युत्घटाचा रसायनशास्त्रात. गोबरगॅसमधील जीवाणू जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहायचे, भूजल भूशास्त्राच्या. विजेचे दर आणि जमिनीच्या भाडेपट्ट्याचे करार समजून घ्यायला वाणिज्य आणि विधी यांचे पदवीधर लागतात. तेव्हा आपण ज्या शाखेत असाल, तेथूनच या विषयाकडे वाट जाते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय निवडताना आपल्या गावच्या पंपाकडे एकदा पाहा.

आणि आता पालकांशी दोन शब्द. 'लातूर पॅटर्न'ने आपल्या मुलांना परिश्रमाची शिस्त लावली, खेड्यातील मुलांसाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे उघडली. त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. पण त्याचबरोबर बारावीत उत्तम गुण मिळवणारा मुलगा मूलभूत विज्ञानाकडे वळला, तर घरात जणू काही विपरीत घडले आहे, असे वातावरण होते. मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच घडते. "याला पुढे नोकरी कुठे?" हा आपला प्रश्न रास्त आहे. मी खोटे आश्वासन देणार नाही. संगणक क्षेत्रातील एखाद्या मोठ्या कंपनीचा पहिला पगार येथे मिळेलच, असे नाही. संशोधनाची वाट लांब आहे. पण आज जिल्ह्याजिल्ह्यांत सौरपंप आणि घरांच्या छतांवर पटले बसत आहेत. ती वीस-पंचवीस वर्षे चालवायची आहेत. त्यांची रचना करणारा, तपासणी करणारा, बिघाड शोधणारा जाणकार तालुक्याच्या गावी मिळणार नसेल, तर ही यंत्रे मागच्या पिढीतील कित्येक गोबरगॅस संयंत्रांप्रमाणे परसात गंजत पडतील. काम आहे, ते जाणणारी माणसे हवी आहेत.

मराठवाड्यातील बुद्धिमान मुले पुण्याला जातात, तेथून बंगळूरला, तेथून परदेशी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण दहा मुलांपैकी दोघांनी जरी आपल्या प्रदेशाचा प्रश्न हा आपल्या अभ्यासाचा विषय मानला, तर पुढच्या दुष्काळात परळीचे किंवा लातूरचे उत्तर शोधायला आपल्याला बाहेर पाहावे लागणार नाही. दुष्काळ पुन्हा येईल, हे निश्चित आहे. तेव्हा आपल्याजवळ टँकरची यादी असेल की जाणत्या माणसांची, हे आज आपल्या घराघरांत होणाऱ्या निर्णयांवर अवलंबून आहे.